नोकिया ११०० चालू ठेवावा की नवा फोन घ्यावा?

तुर्भेकर: बावीस वर्षे लेथवर काम केल्यामुळे माझ्या बोटांची कातडी इतकी राठ झाली आहे, की मुलाच्या टचस्क्रीन फोनवर आलेला कॉल घ्यायलाही तीन-तीनदा बोट फिरवावे लागते. माझ्या ११०० वर मात्र पाचच्या कळीवरचा उंचवटा अंगठ्याला लागला, की न बघता नंबर फिरवता येतो. आता त्याची बॅटरी दुपारीच उतरते. एक हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. काय करावे?

घोडबंदरकर: मी दिवाळीत १८,००० रुपयांचा टचस्क्रीन फोन घेतला आणि अत्यंत समाधानी आहे. थोडे पैसे वाढवा, बोटांना आपोआप सवय होते.

ऐरोलीची माई: अकराशे फक्त टूजीवर चालतो, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालणार नाही, एअरटेल किंवा व्होडाफोन आयडियाचे चालेल. तरीही फोरजीचा कीपॅड फोनच घ्यावा. मी घेतला आहे. कळा मात्र सपाट आणि कडक असल्याने अंगठा दुखतो.

घोडबंदरकर: पण भाजीवाल्याला पैसे कसे देणार? आता टचस्क्रीनशिवाय गत्यंतर नाही.

कोपरीकर: हे बरोबर नाही. बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून *९९# फिरवल्यास इंटरनेटशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. माझे वडील असेच वीजबिलाचे पैसे मला पाठवतात.

नौपाडाकर: मूळ प्रश्न बॅटरीचा आहे. त्यात बीएल-५सी बसते. मी स्टेशनबाहेरून घेतलेली नकली बॅटरी महिन्याभरात फुगली आणि मागचे झाकणच उचलले गेले. तुमची बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. गरगर फिरली तर ती फुगली आहे, तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका. तरी नवा फोन घेतलेला बरा, असेच मलाही वाटते.

ऐरोलीची माई: मी हेच सांगत होते, फोरजी घ्या.

तुर्भेकर: सर्वांचे मनापासून आभार. बॅटरी टेबलावर भोवऱ्यासारखी फिरली. वाशीच्या सेक्टर १७ मधून पावतीसह नवी बीएल-५सी आणली. माझे सिम व्होडाफोनचेच असल्यामुळे फोन बदलणार नाही. काल रात्रपाळीहून परतताना जिन्यातला दिवा गेला होता. सी कळ दाबून धरली आणि विजेरीच्या उजेडात चार मजले चढून आलो.