मदत हवी आहे: डीअँडडीत पैलवान उभा केलाय, पण नियमात कुस्तीच सापडत नाही

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) पाच जणांचं टेबल, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. पाचवी आवृत्ती, 2014 चं प्लेयर्स हँडबुक, आणि टाशाचं (जादा नियमांचं) पुस्तकही चालतं. एक मित्र मूळचा सांगलीकडचा, शाळेत असताना तालमीत जायचा. त्याने या कॅम्पेनला तलवार-ढाल काहीच न घेता थेट पैलवान आणलाय. फायटर, लेव्हल 5, स्ट्रेंग्थ 18, स्किल एक्स्पर्ट फीटमुळे (फीट म्हणजे निवडून घेतलेलं खास कौशल्य) ॲथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज, म्हणजे वीस पैलूंच्या फाशावर +10. अनआर्म्ड फायटिंग स्टाइल असल्याने नुसत्या ठोशाला d8 (आठ पैलूंचा फासा) नुकसान.

अडचणी दोन आहेत आणि एक सोडवली की दुसरी वाढेल असं वाटतंय.

पहिली म्हणजे हे फार सोपं झालंय. लेव्हल 5 ला त्याला दोन अटॅक. पहिल्याने ग्रॅपल (पकड), दुसऱ्याने शव्ह (धक्का) करून आडवा. ग्रॅपलमुळे समोरच्याचा स्पीड शून्य, आणि उठायला अर्धा स्पीड लागतो, म्हणजे उठणं बंद. मागच्या सेशनला पुलाखालचा ऑगर (धिप्पाड राक्षस) पहिल्याच राउंडला असा पाडला आणि तो मरेपर्यंत पडूनच होता. बाकीचे दोघे ॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा धरायचा) कुटतायत, आणि आमची रेंजर धनुष्य घेऊन नुसती चिडतेय, कारण पाडलेल्यावर लांबून बाण मारायला डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान धरायचा)!

दुसरी अडचण खुद्द पैलवानाची. तो वैतागलाय. "प्रत्येक राउंडला तेच. मी एकेरी पट काढला काय, ढाक लावली काय, तू म्हणतोस ॲथलेटिक्स टाक. आणि चीतपट केला तरी ऑगरचे 59 हिट पॉइंट तसेच. मग चीत करून मिळालं काय?"

प्रश्न रास्त आहे. ग्रॅपलर फीट पाहिला, त्यात पिन आहे, पण पिन केल्यावर दोघंही रेस्ट्रेन्ड (जखडलेले). म्हणजे याच्यावर येणाऱ्या वारांनाही ॲडव्हांटेज. एक फीट आणि वर अख्खी ॲक्शन खर्च करून हे कोण करेल?

वेगवेगळे डाव वेगळे वाटतील, पण टेबल बंद पडणार नाही असा हाउसरूल कुणी वापरलाय का? शिवाय त्याला हिल जायंटशी भिडायचंय. तो ह्यूज (माणसापेक्षा दोन साइझने मोठा), आणि नियमाने आपल्यापेक्षा एकाच साइझने मोठ्याला धरता येतं. तिथे काय करू?

वीसपैलू

आधी आकडे बघू. तुमचा +10, ऑगरचा +4. बरोबरी झाली तर पकड बसत नाही, हे धरून ग्रॅपल सुमारे 74 टक्के वेळा लागतं. ग्रॅपल आणि शव्ह दोन्ही लागायची शक्यता 54 टक्के. ऑगरला सुटायचं तर पूर्ण ॲक्शन घालवून जेमतेम 23 टक्के. त्यामुळे तो पडूनच मेला यात नवल नाही.

2024 च्या पुस्तकात हे बदललंय. आता समोरासमोर फासे नाहीत, समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो. डीसी (त्याने गाठायचा आकडा) 8 + स्ट्रेंग्थचा बोनस (18 ला +4) + प्रोफिशियन्सी (लेव्हल 5 ला +3). तुमच्या गड्याचा डीसी 15, एक्स्पर्टीज त्यात धरलीच जात नाही. ऑगर +4 ने सेव्ह टाकणार, म्हणजे 50-50. सुटायलाही तेवढीच संधी. वर पैलवानाला एक फायदा: धरलेल्याने त्याला सोडून इतर कुणावर वार केला तर डिसॲडव्हांटेज. नवा ग्रॅपलर फीटही बरा आहे, ठोसा लागला की टर्नमधून एकदा त्याच ठोशात नुकसान आणि पकड दोन्ही. बाकी खेळ 2014 चाच ठेवून एवढा तुकडा उचललात तरी चालतं, आम्ही तेच करतो.

मात्र त्याने एक्स्पर्टीजसाठी फीट खर्च केलाय, त्यामुळे नियम बदलताना फीटही बदलून द्या. नाहीतर तो तुम्हालाच पाडेल.

जुनाडीएम

तुम्ही नशीबवान. 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये निशस्त्र लढाईला टक्केवारीची वेगळी यंत्रणाच होती, सगळे तिला टाळायचे. दुसऱ्या आवृत्तीत फाशावर आलेला आकडाच तक्त्यात बघून कोणता ठोसा किंवा कोणती पकड ते ठरायचं. गंमत यायची, पण डाव निवडणार फासा, खेळाडू नाही. आणि 3.5 आवृत्तीत आधी समोरच्याला फुकटचा वार, मग टच अटॅक, मग ग्रॅपल चेक, शिवाय साइझमागे चारचा फरक. कुणी "ग्रॅपल" म्हटलं की आम्ही चहा टाकायला उठायचो.

मातीतला

मी डीअँडडी थोडंच खेळलोय, कुस्ती पुष्कळ पाहिलीय. तुमच्या मित्राला जे खुपतंय ते डावांची नावं नसल्याचं नाही. तुमच्या नियमात डावाला तोड (उलटा डाव) नाही. पट काढायला वाकलास आणि हुकला, तर समोरचा वरून दाबून मागे जातो आणि कब्जा त्याचा. तुमच्याकडे हुकलं तर काय होतं? काहीच नाही, पुढच्या वेळी परत टाका. जोखीमच नसेल तर माणूस तोच डाव शंभर वेळा टाकणार.

पाथफाइंडरच्या (डीअँडडीसारख्याच खेळाच्या) दुसऱ्या आवृत्तीत हे बरं जमलंय. तिथे ॲथलेटिक्स समोरच्याच्या फोर्टिट्यूड (काटकपणा) डीसीविरुद्ध. दहाने वर गेलात तर तो पुरता जखडला, दहाने खाली आलात तर तोच तुम्हाला धरतो किंवा पाडतो. पाडण्यासाठीचा ट्रिप वेगळा आणि तो रिफ्लेक्सविरुद्ध (चपळाई). मग जड माणसाला पाय काढून पाडायचं आणि चपळाला मिठीत घ्यायचं, हा विचार खेळाडू आपोआप करायला लागतो. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते बँटमवेटमध्ये. कुस्ती नुसत्या ताकदीची नाही हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

मी असं करीन: पाचने किंवा जास्तने हुकलात तर समोरच्याला रिॲक्शन वापरून उलटा डाव, ग्रॅपल किंवा शव्ह. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटेल.

चीतपटचं म्हणाल, तर पाठ टेकली की कुस्ती निकाली, कारण तिथे पंच असतो. ऑगरसाठी पंच कुठून आणणार? त्यामुळे त्याला पायऱ्या द्या. आधी पकड, मग आडवा, आणि पुढच्या टर्नला तिसरा चेक जिंकला तर पाठ टेकलेली: ऑगर रेस्ट्रेन्ड, पैलवान मोकळा, पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले. मल्लयुद्धाचे हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी, जरासंधी असे चार प्रकार सांगतात. युक्ती, जखड, ताकद आणि हाडं मोडणं. चौथा त्याला लेव्हल 7 शिवाय देऊ नका.

वीसपैलू

उलट्या डावाला माझाही पाठिंबा. डावांसाठी वेगळं काही लिहायची गरज नाही, बॅटल मास्टर (फायटरची डावपेचांची शाखा) द्या. ट्रिप अटॅक म्हणजे पट, आणि टाशामधला ग्रॅपलिंग स्ट्राइक म्हणजे ठोसा लागला की बोनस ॲक्शनमध्ये पकड, वर सुपिरिऑरिटी डाय (या शाखेचा जादा फासा) चेकमध्ये मिळवायचा. डाय मोजकेच, त्यामुळे कुठला डाव कधी टाकायचा हे त्याला ठरवावं लागेल.

जायंटसाठी विझार्डला एनलार्ज (मोठं करायचा मंत्र) टाकायला सांगा. पैलवान लार्ज झाला की ह्यूज धरता येतो, वर स्ट्रेंग्थ चेकला ॲडव्हांटेज. किंवा बॅटल मास्टरऐवजी रून नाइट द्या, तो जायंट्स माइटने स्वतःच मोठा होतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मित्राशी बोललो. बॅटल मास्टर, 2024 चं सेव्ह आणि पाचने हुकलं तर तोड, एवढं ठरलं. सेव्ह असल्यामुळे "पाचने हुकलं" म्हणजे समोरच्याचा सेव्ह डीसीच्या पाचने वर गेला तर, असं धरतोय. म्हणजे ऑगरला फाशावर 16 किंवा वर, चारात एकदा. स्किल एक्स्पर्टऐवजी नवा ग्रॅपलर दिलाय, स्ट्रेंग्थ त्यातही एकने वाढते म्हणून 18 च राहिली. पाठ टेकवण्याच्या तिसऱ्या पायरीला सेव्ह ठेवू की समोरासमोर फासे, ते अजून ठरत नाहीये. तो म्हणतो, शेवटची झटापट दोघांच्या फाशांनीच व्हायला हवी.

रेंजरचं गाऱ्हाणं मात्र तसंच आहे.

मातीतला

तिसरी पायरी समोरासमोरच ठेवा, टेबलावर आरडाओरडा होतो. आणि रेंजरला सांगा, पैलवानाने पट काढायच्या आधी बाण मारून घे. खडाखडी चालू असते तेव्हा समोरचा उभाच असतो.

वीसपैलू

म्हणजे इनिशिएटिव्ह (आधीची पाळी) लागला तर. नाहीतर रेडी ॲक्शन (आधी ठरवून थांबायचं) आहेच: "पैलवान भिडला की, पाडायच्या आत." बाण एकच जाईल, पण डिसॲडव्हांटेज नाही.