सल्ला हवा: रागांच्या प्रहरानुसार आपोआप भरणाऱ्या प्लेलिस्ट

कोमल_निषाद

संग्रह साधारण ९,००० फायलींचा आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग, थोडी भावगीतं. एमपी३ आणि फ्लॅक (दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) मिसळ. विंडोजवर गाणी वाजवायला म्युझिकबी आहे. सगळ्या प्लेलिस्ट आजवर हाताने ओढून बनवलेल्या. तीन गोष्टी हव्या आहेत:

१. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा रागांच्या याद्या. नवी फाईल आली की आपोआप योग्य यादीत गेली पाहिजे.
२. शफल (उलटसुलट क्रम) लावलं तरी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, आधी आणि त्याच रागाचं द्रुत, म्हणजे जलद, लगेच मागोमाग.
३. यादी फोनवर आणि गाडीत चालली पाहिजे. सध्या फोनवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि एकही फाईल वाजत नाही.

यासाठी फूबार२००० या दुसऱ्या प्लेअरवर जावं का?

विलंबित_एकताल

पहिल्या मुद्द्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. राग कोणता, हे फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर ती यादी बनवू शकणार नाही. काम टॅगचं, म्हणजे फाईलसोबत साठवलेल्या माहितीचं आहे.

म्युझिकबीत एडिट > प्रेफरन्सेस > टॅग्ज (१) मध्ये नवे टॅग ठरवायची सोय आहे. मोकळ्या १६ कस्टम जागांपैकी दोन घ्या: राग आणि प्रहर. राग जॉनरमध्ये (गायनप्रकाराच्या टॅगमध्ये) कोंबू नका. जॉनरमध्ये ख्याल, ठुमरी, नाट्यपद हेच राहू द्या, म्हणजे पुढे 'फक्त यमनातली नाट्यपदं' अशी यादी दोन अटींत होते.

प्रहरात १ ते ८ आकडा भरा, दिवसाचे १ ते ४ आणि रात्रीचे ५ ते ८. भैरव १, तोडी २, मुलतानी ४, यमन आणि भूप ५, मालकंस ७. मारवा, पूरिया सूर्यास्ताचे, ते ४ मध्ये टाका. मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात कधीही चालतात, त्यांचा प्रहर रिकामा ठेवून वेगळी यादी करा. भैरवीचंही तसंच. शास्त्राने ती सकाळची, पण मैफल तिनेच संपते. सकाळच्या यादीत मधेच भैरवी आली की आता संपलं असं वाटतं.

मग प्लेलिस्टच्या रकान्यात राइट क्लिक करून नवी ऑटो-प्लेलिस्ट (अटीवरून आपोआप भरणारी यादी) घ्या, अट 'प्रहर = ५'. एका यादीत दोन प्रहर हवे असतील तर वरचा पर्याय 'ऑल'वरून 'एनी'वर न्या. एकच फाईल ५ आणि ६ दोन्ही असू शकत नाही, म्हणून 'ऑल'वर यादी रिकामी येते.

अट रागाच्या नावावर लावणार असाल तर 'कंटेन्स' जपून वापरा. 'भैरव' लिहिलंत की अहिर भैरव, नट भैरव येतात ते ठीक, पण भैरवीही आत शिरते. 'भूप' लिहिलंत की रात्रीच्या यादीत सकाळचा भूपाल तोडी येतो आणि कुणी टॅगमध्ये 'भूपाळी' लिहिलं असेल तर पहाटेच्या भूपाळ्यासुद्धा! तिथे 'इज' लावा आणि नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. यमन, इमन, राग यमन हे सॉफ्टवेअरला तीन वेगळे राग वाटतात.

आणखी एक यादी आधी करून ठेवा: जॉनर ख्याल, राग रिकामा. काय भरायचं राहिलंय ते तिथे दिसतं, आणि राग भरला की फाईल तिथून आपोआप निघून जाते.

तबकडी७८

विलंबित-द्रुतसाठी मात्र फूबार घ्या. त्यात प्लेबॅक ऑर्डरमध्ये 'शफल (अल्बम्स)' आहे: अल्बम कोणताही निवडतो, पण आतला क्रम मोडत नाही. अल्बम कशावरून ओळखायचा, ते प्रगत सेटिंग्जमध्ये बदलता येतं. तिथे अल्बमसोबत रागाचा टॅग जोडला की एका सीडीवरचे दोन राग वेगवेगळे गट होतात. ट्रॅक क्रमांक मात्र नीट भरलेले हवेत. फूबारच्या ऑटो-प्लेलिस्टला शोधवाक्य टाइप करावं लागतं, तेवढं शिकून घ्या.

जोडाची जागा तपासा. एमपी३ एकेका फ्रेमने बनतं, एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. त्यामुळे फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते. किती भरली, ही नोंद वाचून प्लेअरने ती कापली नाही तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोऱ्याचा नाद क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही. अखंड मैफलींची ध्वनिमुद्रणं शक्यतो फ्लॅकमध्येच ठेवा.

आवाजाच्या पातळीसाठी रीप्लेगेन (सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवायची नोंद) मोजून घ्या. जुनी ३ मिनिटांची नाट्यपदं आणि नवी भावगीतं एका यादीत असतील तर ट्रॅक गेन (प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी); मैफल ऐकताना अल्बम गेन (सगळ्या अल्बमची एकच), नाहीतर आलापाचा हळू आवाज उगाच वर चढतो.

ऱ्हस्व_दीर्घ

प्रश्नचिन्हं येतात कारण यादी जुन्या एम३यू या प्लेलिस्टच्या फाईलप्रकारात साठवली जात असणार. त्यात बहुधा विंडोजची स्थानिक अक्षरसंहिता वापरली जाते आणि तिच्यात देवनागरी नसेल तर प्रत्येक अक्षराचं '?' होतं. निर्यात करताना एम३यू८ निवडा, ते यूटीएफ-८ असतं, त्यात देवनागरी मावते.

मग ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून एक ओळ बघा.

डी:\संगीत\ख्याल\यमन\०१ विलंबित.फ्लॅक

असं दिसलं तर फोनवर वाजणार नाही, कारण तिथे 'डी' ड्राइव्हच नाही. हवं ते असं:

ख्याल/यमन/०१ विलंबित.फ्लॅक

म्हणजे यादीची फाईल 'संगीत' फोल्डरच्या तोंडाशीच ठेवायची आणि पुढचा पत्ता तिथून मोजायचा. 'संगीत'सकट ड्राइव्हचा भाग उडवा, उलटा तिरपा दंड सुलटा करा. नोटपॅडच्या 'रिप्लेस'ने दोन्ही होतं. सेव्ह करताना 'यूटीएफ-८ विथ बीओएम' (फाईलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण) घेऊ नका. काही प्लेअर त्यामुळे पहिली ओळ चुकीची वाचतात आणि पहिलंच गाणं वगळतात.

इतकं करूनही ठरावीक गाणीच वाजत नसतील तर नावात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' आहे का बघा. 'तंबोऱ्या'तला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फोन आतली चिन्हं जुळवतो. फाईलचं नाव एका कीबोर्डवर आणि यादीतलं दुसऱ्यावर टाइप झालं असेल तर फाईल सापडत नाही. नाव पुन्हा टाइप करू नका, फाईलवरून कॉपी करून यादीत चिकटवा.

गाडीचं वेगळं. बरेच गाडीतले प्लेअर यादीची फाईल वाचतच नाहीत आणि पेनड्राइव्हवर गाणी ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. तिथे पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, यादीतल्या फायली एका फोल्डरमध्ये घ्या, नावापुढे ००१, ००२ लावा आणि त्याच क्रमाने कॉपी करा. पुढची शून्यं सोडलीत तर नावानुसार लावताना १०, २ च्या आधी येऊ शकतो. हे आकडे आणि फायलींची नावं तिथे रोमनमध्येच ठेवा, देवनागरीच्या जागी चौकोन दाखवणारे पडदे बरेच आहेत.

कोमल_निषाद

नोटपॅडमध्ये पाहिलं, पत्ता 'डी'पासूनच आहे. दुरुस्त करते. एक शंका: राग म्युझिकबीत भरला तर फूबारला दिसेल का?

विलंबित_एकताल

टॅग फाईलमध्ये लिहिला गेला असेल तर दिसेल. एक फाईल एमपी३टॅग या टॅग बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ऑल्ट+टी दाबा, फाईलमधले सगळे टॅग दिसतात. तिथे राग नसेल तर तो फक्त म्युझिकबीच्या स्वतःच्या नोंदीत आहे. कस्टम टॅगच्या सेटिंगमध्ये तो फाईलमध्ये साठवायचा पर्याय घ्या. आणि टॅगचं नाव रोमन लिपीत द्या, फ्लॅकमध्ये टॅगच्या नावाला देवनागरी चालत नाही. आतली किंमत 'यमन', 'मारवा' अशी देवनागरीत खुशाल भरा. हे ९,००० फायली भरायच्या आधी दहा फायलींवर करून बघा, एक एमपी३ आणि एक फ्लॅक त्यात नक्की असू द्या.