एल-१ मणक्याचे फ्रॅक्चर : चार स्क्रू की सहा?

प्रश्न (अंबाजोगाई) :
माझे वडील (वय ६१) चार दिवसांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडले. एल-१ मणक्याचे (कमरेचा पहिला मणका) बर्स्ट फ्रॅक्चर (गाभा चुरडून फुटणे) आहे. पायांत ताकद आहे, लघवीवरही नियंत्रण आहे. लातूरच्या डॉक्टरांनी वरच्या व खालच्या मणक्यात मिळून चार स्क्रू पुरेसे असल्याचे सांगितले, तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मोडलेल्या मणक्यातही दोन, असे सहा सुचवले. गावात मात्र जो तो म्हणतो, मणक्याला हात लावू देऊ नका. आम्ही काय समजावे?

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड) :
फिल्म न पाहता निर्णय देता येणार नाही; मात्र ही दोन मते एकमेकांच्या विरोधात नाहीत. पेडिकल स्क्रू मागून, पेडिकल म्हणजे मणक्याचा मागचा भाग व गाभा जोडणाऱ्या हाडाच्या खांबातून, मणक्याच्या गाभ्यात जातो आणि दोन्ही बाजूंच्या सळया या स्क्रूंना धरून ठेवतात. डी-१२ व एल-२ (एल-१च्या लगतचा वरचा व खालचा मणका) मध्येच स्क्रू घातले आणि एल-१चा गाभा फार चुरडलेला असला, तर शरीराचा भार सळया व स्क्रूंवर येतो, त्यामुळे पाठ पुन्हा पुढे वाकण्याचा किंवा स्क्रू तुटण्याचा धोका राहतो. मॅककॉर्मॅक यांनी १९९४ साली मांडलेल्या लोड-शेअरिंग गुणपद्धतीत नेमका हा चुरा मोजतात. ३ ते ९ पैकी ७ किंवा अधिक गुण आले, तर केवळ मागून केलेली आखूड जोडणी (वर-खाली एकेकच मणका धरणारी) अपुरी ठरू शकते. एल-१चे पेडिकल शाबूत असल्यास तेथेही स्क्रू घातल्याने, आणखी एखादा सांधा न गोठवता, बळकटी वाढते. वर दोन व खाली दोन मणके धरले तर आठ स्क्रू होतात, पण कमरेची लवचिकताही तितकीच जाते.

खरे तर स्क्रूंच्या आधीचा प्रश्न शस्त्रक्रियेचाच आहे. टीएलआयसीएस (पाठ-कमरेच्या मणक्यांच्या दुखापतीची गुणपद्धत) गणनेत बर्स्ट फ्रॅक्चरचे २ गुण, मज्जातंतू शाबूत म्हणून ०. मागचे लिगामेंट (मणक्यांना मागून बांधून ठेवणारा अस्थिबंध) शाबूत असेल तर ०, संशयास्पद असेल तर २, फाटलेले असेल तर ३. एकूण ३ पर्यंत पट्टा, ५ पासून शस्त्रक्रिया.

उत्तर (हिंगोली) :
माझे स्क्रू छोट्या छेदांतून, सी-आर्म (शस्त्रक्रियेवेळी एक्स-रे दाखवणाऱ्या) यंत्राखाली बसवले होते. पट्टा बांधून मी तिसऱ्या दिवशी चाललो. तोही पर्याय विचारून पाहावा.

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड) :
त्या पद्धतीत स्नायू कमी दुखावतात व रक्तस्राव कमी होतो, मात्र मज्जातंतूंवरचा दाब थेट मोकळा करायचा असेल तर उघडी शस्त्रक्रियाच करावी लागते. ६१व्या वर्षी हाडांची घनताही तपासून घ्यावी. ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात, तेव्हा सिमेंटचा आधार देता येतो.

प्रश्नकर्ता :
अहवालात लिगामेंट ‘संशयास्पद’ लिहिले आहे. म्हणजे ४ गुण?

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ, नांदेड) :
होय, आणि ४ वर दोन्ही मार्ग ग्राह्य आहेत. पट्टा बांधून उभ्याने एक्स-रे काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उभे राहिल्यावर मणका आणखी दबला किंवा पाठ वाकली, तर स्क्रूंचा विचार पुढे न्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे चौकशी करून ठेवावी.