अस्त्रच्या पुढील संशोधनाचा खर्च

'अस्त्र मार्क-१ या विमानातून विमानावर डागायच्या क्षेपणास्त्राचे उत्पादन सुरू झाले असताना संशोधनावर आणखी पैसा कशाला,' हा आक्षेप मला पटत नाही. मे २०२२ मध्ये भारत डायनॅमिक्स या सरकारी क्षेपणास्त्र कंपनीशी झालेला २,९७१ कोटींचा करार उत्पादनाचा आहे, पुढील संशोधनाचा नव्हे. मार्क-१मधली साध्या घन इंधनाची मोटर काही सेकंदांतच विझते आणि पुढे क्षेपणास्त्र केवळ मिळालेल्या वेगावर जात असल्याने, दूरवर ऐनवेळी वळणाऱ्या विमानाला गाठताना ते कमी पडते. अस्त्रच्या पुढील आवृत्तीसाठीचे, हवेतील ऑक्सिजन वापरणारे रॅमजेट इंजिन नेमकी हीच उणीव भरून काढते, आणि त्याच्या विकासात हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटके व इंधनांवर काम करणाऱ्या संरक्षण प्रयोगशाळेचाही वाटा आहे. या इंजिनाची ८ एप्रिल २०२२ची चाचणी यशस्वी झाली खरी, पण ती जमिनीवरून. विमानातून डागण्यापर्यंतच्या खर्चिक टप्प्यांत निधी तुटता कामा नये.