कोपऱ्यावर माग सुटतो, एक भुंकला की सगळी पळतात: पाच कुत्र्यांची टोळी कशी सुधारायची?

माळावरचा_बीगल:

नमस्कार मंडळी. पाच कुत्री आहेत. तीन बीगल, म्हणजे वासावर चालणारी जात (दोन माद्या ४ वर्षांच्या, एक नर १४ महिन्यांचा), आणि दोन बीगल-कारवानी मिश्र. शिकार नाही, नुसता ओढलेला वास. गोणपाटाचा तुकडा अनिसच्या (बडीशेपेसारख्या वासाच्या) तेलात भिजवून दोरीने ओढतो आणि अर्ध्या तासाने कुत्री सोडतो. कोल्हापूरजवळच्या केर्लीच्या बाजूचा माळ आणि खालची ऊसपट्टी, अंतर दीड किलोमीटर, वेळ सकाळी साडेआठ, महिना फेब्रुवारी.

सरळ रेषेत पाचही झकास जातात. वळण आलं की चाळीस-पन्नास मीटर पुढं निघून जातात, मग सगळा गोंधळ. लहान नर मागावर नसतानाही भुंकतो आणि बाकीची त्याच्याकडं धावतात. मिश्रांपैकी एक मागावर येतच नाही, बाजूनं पळून वळणापुढं आयता हजर होतो. दोनदा तर आख्खी टोळी उलट्या दिशेनं सुरुवातीच्या जागी परत आली. ससा किंवा तितर उठला तर विचारूच नका. आधी काय धरावं?

नाक_खाली:

भावा, आधी टोळी मोडा. टोळीतली चूक टोळीत सुधारत नाही, कारण पाच कुत्री पळताना नाकानं कोण चाललंय आणि शेजाऱ्याकडं बघून कोण चाललंय हे कळतच नाही. आठवडाभर एकेक कुत्रं वेगळं काढा, ८-१० मीटरची दोरी पाठीच्या पट्ट्याला (गळ्याला नको, खाली मान घातली की घसा आवळतो), ३०० मीटरचा माग, दोन वळणं. माझा अंदाज, पाचातली दोनच स्वतःच्या नाकावर शेवटपर्यंत जातील. ती तुमच्या दोन माद्या निघाल्या तर बाकी सगळं सोपं आहे.

आता उलट्या दिशेचं. त्यात कुत्र्यांची चूक कमी, फडक्याची जास्त. एकदाच भिजवलेलं गोणपाट दीड किलोमीटर ओढलं तर सुरुवातीला वास दाट पडतो आणि शेवटी अगदी विरळ. मधेच कुठं माग तुटला की कुत्रं जिकडं वास वाढतो तिकडं जाणार, म्हणजे मागं. माणसाच्या पावलांवर प्रयोग झालेत, त्यात कुत्र्यांना दिशा ओळखायला सलग पाच पावलं पुरली. पावलापावलात वास किंचित ताजा होत जातो, त्यावरून ती दिशा धरतात. तुमचं फडकं हा हिशेबच उलटा करतं. दर ३०० मीटरला फडकं परत भिजवा. प्रमाण: एक चहाचा चमचा अनिस तेल पाव लिटर गोडेतेलात, बास. आणि माग टाकणारा माणूस त्याच वाटेनं परत येतोय का ते बघा. येत असेल तर एकाच रेषेवर जाणारा आणि येणारा असे दोन माग पडतात. त्यानं शेवटाहून सरळ रस्त्याला लागावं आणि मोटरसायकलवर लांबून फिरून यावं.

वळणावर पुढं जाण्याची दोन कारणं असतात, ती आधी वेगळी करा. वळणापाशी उभं राहून चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडा, वारा कुठं वाहतोय ते कळेल. कुत्रं मागाच्या शेजारून, वाऱ्याच्या खालच्या बाजूनं, डोकं अर्धं वर ठेवून जात असेल तर ते वाऱ्यानं सरकलेला वास धरून चाललंय, ही चूक नाही. पण वास संपल्यावरही डोकं न हलवता, शेपटी तशीच ठेवून सरळ पळत असेल तर ते वेगानं पळतंय, हुंगत नाही. रोज लांबच लांब सरळ माग दिला की पुढं सरळच असणार असा त्याचा समज होतो.

उपाय: मागात मुद्दाम खंड पाडा. फडकं उचलून १५ पावलं चाला, मग पुन्हा टेकवा. वळणं अनियमित ठेवा, एक चाळीस पावलांवर, दुसरं दोनशेवर. डोकं वर गेलं की तुम्ही जागच्या जागी थांबा, दोरी सैल सोडा, बोलू नका. ते स्वतः गोल फिरून माग शोधेल, दोन-तीन मिनिटं लागली तरी चालतील. इथं नव्वद टक्के लोक हात दाखवतात आणि तिथंच माती होते, कारण पुढच्या वेळी कुत्रं जमिनीकडं न बघता तुमच्या हाताकडं बघतं. त्यासाठी दोरी धरणाऱ्याला माग ठाऊकच नसावा. टाकणाऱ्यानं मोबाइलवर वाट नोंदवून ठेवावी आणि चूक-बरोबर नंतर जुळवावं.

पाणंद_पाचट:

वरचं सगळं मान्य. कडेनं येणाऱ्या मिश्रासाठी मात्र आपल्याकडची पाणंदच सगळ्यात चांगली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधे आठ-दहा फुटांची वाट. तिथं बाजूनं पळायला जागाच नाही, नाक खाली घालणं भाग पडतं. पाणंदीतल्या मागावर त्याला आठ-दहा वेळा एकटा चालवा, मगच माळावर आणा. दुसरं, मागाच्या शेवटी बक्षिसाचं मटण कसं वाटता? जो आधी पोचला त्याला आधी मिळत असेल तर तुम्हीच त्याला आडवाटेचं बक्षीस देताय. पाचही पोचेपर्यंत थांबा, मग प्रत्येकाला वेगळं, अंतर ठेवून.

पण एक सांगतो, कारवानी आणि मुधोळ ही नजरेनं पळणारी जात आहे. त्यांचा वेग बीगलच्या कितीतरी पुढं, आणि बहुतेक वेळा मुकाट्यानं पळतात. ती पुढं गेली की बीगल नाक सोडून त्यांच्या पाठीकडं बघत पळतात. निम्मा गोंधळ तिथंच आहे. माझं ऐकाल तर दोन्ही मिश्र टोळीतून कायमचे काढा.

सकाळी साडेआठ ही वेळही चुकीची. फेब्रुवारीत त्या वेळी माळाच्या जांभ्यावर ऊन चढलेलं असतं, दव गेलेलं असतं. साडेसहाला माग टाका, सातला सोडा. कापलेल्या उसाचं पाचट जाळलेलं रान, मळी किंवा प्रेसमड (साखर कारखान्याचा गाळ) टाकलेलं रान, नुकता युरिया पडलेला बांध, सगळं टाळा. राखेत नाक घालून आलेलं कुत्रं पुढच्या शंभर मीटरवर काही धरत नाही.

नाक_खाली:

मिश्र कायमचे काढायला मी नाही म्हणेन. दोघांना एकत्र, बीगल पोचल्यावर दहा मिनिटांनी, दोरीवर चालवा. पुढं पळणारं काहीच दिसत नाही म्हटल्यावर त्यातला एखादा नाक वापरायला लागतो. दीड-दोन महिन्यांत नाही लागला तर मग काढा.

माळावरचा_बीगल:

दोघांचेही आभार. फडकं एकदाच भिजवत होतो, आणि तेल जवळजवळ निव्वळ. लहान नराच्या भुंकण्याचं काय? मी ओरडतो, मोठा पट्टा दाखवतो, पण वाढतंच चाललंय. एकानं करंटचा पट्टा सुचवला आहे.

नाक_खाली:

ओरडणं त्याला साथ दिल्यासारखं वाटतं. एक चाचणी करा. जिथं माग टाकलेलाच नाही अशा रानात एकट्याला दोरीवर न्या. तिथंही नाक खाली घालून भुंकत असेल तर तो उतावळेपणानं भुंकणारा. तिथं गप्प राहिला आणि टोळीतच भुंकला तर मागं राहायच्या भीतीनं भुंकतोय, त्याला वेग झेपत नाही. पहिल्याला तीन आठवडे टोळी बंद. एक तास जुना, हलका माग, सोबत जुन्यातली एक भरवशाची मादी. मागावर नसताना भुंकला की एक शब्द न बोलता दोरी गुंडाळून गाडीत. मागावर असताना भुंकला तर थांबवू नका, ते तर हवंच आहे. दुसऱ्याला फक्त अंतर कमी करा.

करंटचा पट्टा बिलकूल नको. बटण दाबलं त्या क्षणी त्याचं नाक वासावर असतं. झटक्याचा संबंध तो भुंकण्याशी नाही, वासाशी जोडतो, आणि मग मागाला तोंडच लावत नाही.

खुराक_औषध:

एक बाजू राहिली. चांगलं चालणारं एखादं कुत्रं अचानक माग सोडायला लागलं तर शिकवणीआधी तब्येत बघा. गोचीड-तापात नाकातून रक्त येऊ शकतं, ताप आणि मलूलपणा असतो. जुलाबासाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल काही कुत्र्यांची वास ओळखायची ताकद कमी करतं, स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांवर हे तपासलेलं आहे. डॉक्सीसायक्लिननं तसं दिसलं नव्हतं. औषध मनानं बदलू नका, डॉक्टरांना विचारा, पण कोर्स संपल्यावर दहा-बारा दिवस मागाची परीक्षा घेऊ नका.

धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही, कारण श्वास तोंडानं चाललेला असतो. सोडण्याआधी पाणी पाजा, मधेही एकदा द्या. पोटभर खाणं मात्र आदल्या रात्रीच.

पाणंद_पाचट:

ससा-तितराचं कुणी बोललं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर टोळीनं ससा धरला तर तो "चुकून" राहत नाही, जबाबदारी मालकाची. त्यामुळं बोलावल्यावर परत येणं पक्कं होईपर्यंत एकही कुत्रं मोकळं नको. शिट्टी एकच ठेवा, ती फक्त मटणाच्या वेळी वाजवा, दिवसातून दोनदा, महिनाभर घरच्या आवारात. मग माळावर लांब दोरीवर. दोरीवर असताना तितर उठला आणि कुत्रं वळलं तर ओढू नका, तुम्हीच उलट दिशेनं चालायला लागा, शिट्टी द्या. राधानगरी-दाजीपूर अभयारण्याच्या बाजूला टोळी नेऊच नका. उभ्या उसात मोकळी सोडायचं तर अजिबात नाही, आत डुक्कर असतं आणि घोणसही. नाक जमिनीला लावून चालणाऱ्याला घोणस तोंडावरच चावते. सूज दिसली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

नाक_खाली:

फडकं आणि तेल झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि ती बरणी खाण्याच्या डब्याबरोबर एकाच डिकीत नको. डबा, दोरी, तुमचे हात, सगळ्यालाच अनिसचा वास लागला की कुत्री सुटण्याआधीच दोरीचा माग काढत बसतात. माग टाकणाऱ्यानं हातमोजे वेगळे ठेवावेत, आणि दोरी धरणाऱ्यानं फडक्याला हातच लावू नये.