जुना अ‍ॅनालॉग स्कोप चालू होतो पण ट्रेसच नाही, +१५ ची लाईन बसलीये. कुठून सुरुवात करू?

जुनी_वायर

नमस्कार मंडळी, माझ्याकडे एक सत्तरच्या दशकातला १०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा अ‍ॅनालॉग स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नल स्क्रीनवर रेघेच्या रूपात म्हणजे ट्रेस म्हणून दाखवणारं यंत्र) आहे, आमच्या सरांनी निवृत्त होताना मला दिला, त्यांनी त्याच्यावरच आम्हाला ट्रिगर (ट्रेस एका जागी स्थिर ठेवणारी सोय) म्हणजे काय ते शिकवलं होतं त्यामुळे तो भंगारात जाणं मला अजिबात मान्य नाही. चार-पाच वर्षं कपाटात पडून होता. परवा चालू केला तर फॅन फिरतो, पायलट लाईट लागतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. इंटेन्सिटी पूर्ण फिरवली, पोझिशनचे नॉब दोन्हीकडे फिरवले, बीम फाइंडर (स्क्रीनबाहेर गेलेली ट्रेस आत आणणारं बटण) दाबून धरला, साधा ठिपकासुद्धा नाही.

झाकण काढून पॉवर सप्लायची टेस्ट पॉइंट मोजली, बाकी लाईनी (सप्लायमधून निघणारी वेगवेगळी व्होल्टेज) थोड्याफार इकडेतिकडे आहेत पण +१५ च्या जागी फक्त ०.७ व्होल्ट येतात. जळका वास नाही, फुगलेला कॅपॅसिटर दिसत नाही. सर्व्हिस मॅन्युअल मिळालंय, सर्किट बऱ्यापैकी वाचता येतं पण असल्या जुन्या मशीनवर कधी हात चालवलेला नाही. आणि मागे दोन-अडीच हजार व्होल्ट आहेत म्हटल्यावर जरा हात थरथरतोच. नेमकं काय आधी करू?

सोल्डरवाला

एवढ्या वर्षांचा स्कोप आहे ना, मग फार डोकं लावू नका, सगळे इलेक्ट्रोलायटिक आणि सगळे टँटलम कॅपॅसिटर एकदम बदलून टाका आणि मग चालू करा. मी दोन स्कोप असेच केले, दोन्ही चालतायत. आज एक गेला म्हणजे उद्या दुसरा जाणारच.

बीमफाइंडर

सोल्डरवाला दादा, तुमचे दोन चालले याचा आनंद आहे पण नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नका अशी मनापासून विनंती. या जुन्या बोर्डांवरचे पॅड एकदोनदा जास्त तापले की उचलले जातात, दोन बाजूंच्या बोर्डात भोकातलं प्लेटिंग कॅपॅसिटरच्या पायाबरोबर बाहेर येतं, आणि साठ कॅपॅसिटर बदलताना एखादा उलटा बसला की मूळ बिघाड एक आणि आपण घातलेले तीन अशी गत होते, मग कुठला बिघाड कुणाचा तेच कळत नाही. आधी मोजायचं, मग हात लावायचा.

जुनी_वायर, तुम्ही मोजूनच आलात त्यामुळे अर्धं काम झालंय. १५ ची लाईन ०.७ वर आहे म्हणजे बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे आणि रेग्युलेटर स्वतःला वाचवत बसलाय. ती लाईन बसली की तिच्यावर चालणारं सगळंच बसतं, त्यामुळे ट्रेस नाही म्हणून पिक्चर ट्यूब गेली असं आत्ताच समजू नका. त्या काळच्या स्कोपमध्ये लाईनी बऱ्याच असतात, टेक्ट्रॉनिक्सच्या ४६५ मध्येच बघा, +११०, +५५, +१५, +५ आणि उणे ८ अशा पाच. यातली एक लाईन बाकीच्यांसाठी रेफरन्स असते, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ती चुकीची असेल तर बाकीच्यांचे आकडे वाचण्यात अर्थ नाही, म्हणून आधी ती बघा. आणि कुठल्याही ट्रिमपॉटला (अ‍ॅडजस्टमेंटच्या छोट्या रेझिस्टरला) स्क्रूड्रायव्हर लावू नका, सगळ्या लाईनी जागेवर आल्याशिवाय अ‍ॅडजस्टमेंट हा विषयच नाही.

आता शॉर्ट कसा शोधायचा. प्लग काढा, फिल्टर कॅपॅसिटर रिकामे झालेत का ते मीटरने बघून खात्री करा, मग प्रत्येक लाईन आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा, प्रोब उलटसुलट करून दोन्ही वेळा. ५ व्होल्टची लाईन चांगल्या स्कोपमध्येही कमी ओहम दाखवते, तिला घाबरू नका. पण १५ वर दोन्ही बाजूंनी एक-दोन ओहम आलं तर शॉर्ट पक्का, आणि अशा मशीनमध्ये पहिला संशय टँटलमवर घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियमवाला इलेक्ट्रोलायटिक म्हातारा झाला की सुकतो, कपॅसिटी उतरते, ईएसआर म्हणजे त्याचा आतला रेझिस्टन्स चढतो, रिपल म्हणजे लाईनवरची लहर वाढते. टँटलम मात्र कालपर्यंत ठणठणीत असतो आणि एक दिवस सरळ शॉर्ट होतो, बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. त्यात त्या काळी १५ च्या लाईनवर २० व्होल्टचे टँटलम सर्रास लावलेले दिसतात, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही.

एकेक पाय उचलत बसू नका. करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय घ्या, व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या वर नको म्हणजे ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, करंट अर्धा अँपियर, आणि प्लग काढलेल्या स्कोपच्या १५ च्या लाईनला तो जोडा. मीटर मिलिव्होल्टवर, काळा प्रोब जिथे प्लस जोडलाय तिथेच ठेवा आणि लाल प्रोबने त्याच लाईनवरून पुढे पुढे सरकत जा. जोपर्यंत आकडा वाढत जातोय तोपर्यंत करंट तुमच्याबरोबर चाललाय. वाढायचा थांबला की शॉर्ट मागे राहिला, परत फिरा. फाटा आला तर ज्या फाट्यात आकडा वाढतो तो धरा. ही पद्धत मला फार आवडते कारण एकही टाका न सोडवता थेट दोषी पार्टपाशी नेऊन उभं करते.

हाय व्होल्टेजबद्दल: कॅथोडला उणे दोन हजारांच्या वर असतं आणि ट्यूबच्या बाजूच्या अ‍ॅनोडला त्याच्या कितीतरी पट, १०-१५ किलोव्होल्ट. साध्या मल्टीमीटरने हे मोजायचं नाही, त्याला वेगळा हाय व्होल्टेज प्रोब लागतो. तो विभाग झाकणाखाली असतो, सध्या उघडूच नका, तुमचा बिघाड तिथे नाहीये असं मला वाटतं. चालू मशीनमध्ये मोजताना एक हात खिशात, अंगठी-घड्याळ काढून, आणि प्लग काढल्यावरही अ‍ॅनोडवर चार्ज राहतो हे लक्षात असू द्या.

ठिपका

बीमफाइंडर यांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. बरेच जण जुनं मशीन चालू करताना करंट आवरायला सिरीजमध्ये फिलामेंटचा बल्ब लावतात, साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या स्कोपला ते ठीक आहे, पण ऐंशीच्या दशकातल्या काही स्कोपमध्ये स्विचिंग सप्लाय असतो, बल्बमुळे त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि तो चालू-बंद चालू-बंद करत राहतो, मग माणूस मुळात नसलेलाच बिघाड शोधत बसतो. आपला सप्लाय कुठल्या जातीचा ते आधी बघा.

जुनी_वायर

मंडळी सापडला!! १५ ची लाईन ते ग्राउंड दोन्ही बाजूंनी १.४ ओहम होतं. बेंच सप्लाय लावून सांगितल्याप्रमाणे सरकत गेलो, मेन बोर्डवर आकडा ९, १४, २२ मिलिव्होल्ट असा चढत गेला, मग व्हर्टिकल अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीवरून पुढे गेलो तर तिथे एका मणीछाप टँटलमपाशी ४१ वर जाऊन थांबला आणि त्याच्या पुढे कितीही सरकलो तरी ४१ च. बोट लावलं तर तो कोमट लागला, शेजारचे सगळे गार. पाय सोडवला आणि लाईनचा रेझिस्टन्स उडी मारून वर गेला. २२ मायक्रोफॅरड २० व्होल्टचा होता, ३५ व्होल्टचा लावला, पोलॅरिटी तीनदा तपासली.

चालू केला, अर्धा मिनिट काही नाही, आणि मग हळूच हिरवी रेघ उमटली. खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. सरांना लगेच फोन केला.

आता पुढचं दुखणं. चॅनल १ चा व्होल्ट्स पर डिव्हिजनचा नॉब फिरवला की ट्रेस खालीवर उडते, काही पोझिशनला सिग्नल निम्माच दिसतो, नॉब जरा दाबला की ठीक होतो. घरात कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे आहे, मारू का?

मापनताई

अभिनंदन! पण स्प्रे थांबवा, अटेन्युएटरमध्ये (त्या नॉबमागचा, सिग्नल रेंजप्रमाणे कमी करणारा भाग) अजिबात मारू नका. त्या काळच्या चांगल्या स्कोपमध्ये तिथे कॅम स्विच असतो, म्हणजे नॉबबरोबर एक दंडगोल फिरतो आणि त्याच्यावरचे उंचवटे सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या बोर्डावर दाबतात. स्प्रेमधलं तेल तिथल्या बोर्डात मुरलं की लीकेज सुरू होतं, आणि अटेन्युएटरमध्ये मेगओहमचे रेझिस्टर असल्यामुळे एवढंसं लीकेजही मापात दिसतं. सॅण्डपेपर किंवा खोडरबर तर नकोच, मुलामा निघून जाईल.

साधा जाड कागद, त्याची चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, नॉब फिरवून कॉन्टॅक्ट उघडा, पट्टी आत सरकवा, कॉन्टॅक्ट बंद करा आणि पट्टी अलगद ओढून काढा. काळी रेघ येईल. प्रत्येक कॉन्टॅक्टला नवी पट्टी, रेघ यायची थांबेपर्यंत. पट्टीचे धागे आत राहिले तर मऊ ब्रशने काढा. कंटाळवाणं आहे, एका चॅनलला तास-दीड तास जातो, पण मी ज्या ज्या स्कोपवर केलंय तिथे पुन्हा करायची वेळ आलेली नाही. पोझिशन, इंटेन्सिटी वगैरेच्या पॉटमध्ये (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरमध्ये) मात्र तुमचा क्लिनर थोडासा चालेल.

झालं की प्रोब स्कोपच्याच कॅलिब्रेटरच्या स्क्वेअर वेव्हला लावून सगळ्या रेंज फिरवून बघा. एकाच रेंजवर कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर त्या रेंजचा ट्रिमर, सगळ्याच रेंजवर तसं असेल तर आधी प्रोबचं कॉम्पेन्सेशन (प्रोबवरचीच अ‍ॅडजस्टमेंट) बघा.

सोल्डरवाला

मिलिव्होल्टवाली युक्ती मला माहीत नव्हती, पुढच्या वेळी आधी तीच करीन. एक विचारतो, माझ्याकडे व्हॉल्व्हचा टेक्ट्रॉनिक्स ५०० सिरीजमधला एक येतोय, त्यात पार्ट बोर्डाऐवजी पांढऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्यांवर खाचांत बसवलेले आहेत. त्याला काही वेगळं?

बीमफाइंडर

हो दादा, बरं झालं आधी विचारलंत. त्या खाचांत चांदीचा थर आहे आणि साधं टिन-लेड सोल्डर वितळलं की ती चांदी स्वतःत ओढून घेतं, दोन-चार वेळा केलं की खाच उघडी पडते आणि मग तिथे सोल्डर धरतच नाही. ३ टक्के चांदी असलेलं सोल्डर वापरायचं. कंपनी त्यासाठी मशीनच्या आतच त्या सोल्डरचं छोटं रीळ अडकवून द्यायची, तुमच्यात शिल्लक आहे का बघा. आणि सोल्डरिंग आयर्न फार वेळ दाबून धरू नका, पट्टीला तडा जातो.

जुनी_वायर

मापनताई, आज ११ पट्ट्या काळ्या झाल्या, चॅनल १ आता एकाही पोझिशनला उडत नाही. उद्या चॅनल २ घेतो, तो बरा वाटतोय पण बसलोच आहे तर करून टाकतो.