मदत हवी आहे: आईला घेऊन बस टूर, शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

अनुस्वार
आईला घेऊन ग्रुप टूरला जायचंय. बुकिंग झालंय, उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत. काल कंपनीतून फोन आला की सगळी ठिकाणं पडक्या अवशेषांची आहेत, चालणं भरपूर आहे, जमलं नाही तर आई बसमध्ये थांबेल असं लिहून द्या. आठ दिवस तिने बसमध्ये बसून काढायचे? नक्की किती चालावं लागतं? पैसे भरू की रद्द करू? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

मुलुंडकर
कुठे जाताय? देश तरी लिहा.

जुनाट_ट्रेकर
इजिप्त असेल तर बिनधास्त जा. गिझाला बस बरीच जवळ जाते. फक्त पिरॅमिडच्या आत शिरू नका, वाकून चढावं लागतं.

निमा_पार्ले
इजिप्त कुठून आलं? ताई, आईंचं वय, त्रास कसला, काठी लागते का, महिना कोणता, हे सगळं लिहा. त्याशिवाय कोण काय सांगणार?

अनुस्वार
सॉरी, घाईत राहून गेलं. ग्रीस. अथेन्स, एपिडॉरस, मायसिनी, ऑलिम्पिया, डेल्फी, मेटिओरा, परत अथेन्स. मेचा दुसरा आठवडा.

मुलुंडकर
आणि आईंचं?

अनुस्वार
७२ पूर्ण. डावा गुडघा बदलून तीन वर्षं झाली. काठी आहे. दादरचा जिना एकेक पायरी करत चढते, पण उतरताना कठडा सोडत नाही. गिरगावात शाळेत इतिहास शिकवायची, पाचवी-सहावीच्या पोरांना ग्रीस शिकवण्यात वर्षं गेली. टूरचे पैसे तिने स्वतःची एफडी मोडून भरलेत, म्हणून मला रद्द करा म्हणायचा धीर होत नाहीये.

कोकम_सरबत
शेंगेन व्हिसाला ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, तो आधी तपासा. बँक स्टेटमेंटवर शिक्का घ्यायला विसरू नका.

अनुस्वार
व्हिसाचं कंपनी बघतेय. प्रश्न चालण्याचा आहे.

जुनाट_ट्रेकर
मग सरळ रद्द करा आणि कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या देवळाला न्या. जवळ आहे, स्वस्त आहे, आपल्या देवांची शिल्पं आहेत. राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेलं, बारावं शतक. इतिहासाच्या बाईंना ग्रीसपेक्षा तेच आवडेल.

निमा_पार्ले
अंगकोरचा वरचा मजला पाहिलात ना? तिथला जिना शिडीसारखा उभा आहे. गुडघा बदललेल्या बाईला तिकडे पाठवताय? आणि त्यांनी ग्रीस शिकवलंय हो, त्यांना ग्रीसच बघायचं असणार.

गणितवाली
दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन याच रस्त्याने गेले होते. त्या ७४, दोन्ही गुडघे खराब. रद्द करू नका, पण कंपनीला प्रत्येक ठिकाणाचं वेगळं विचारा. 'चालणं भरपूर' यात सगळी ठिकाणं एकाच मापाने मोजली जातात आणि तसं ते नाहीये.

ऑलिम्पिया जवळजवळ सपाट आहे, मातीची वाट, झाडांची सावली. आई तिथे निवांत फिरतील. स्टेडियममध्ये धावण्याच्या सुरुवातीची दगडी रेघ अजून आहे, तिच्यावर उभं राहता येतं. मायसिनीला सिंहद्वारापर्यंत चढ आहे, तिथे नेऊ नका. पण त्याच्या अलीकडे रस्त्यालाच लागून अट्रियसचा खजिना म्हणतात ते मोठं थडगं आहे. ३६ मीटर लांब सपाट वाट, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि आत मधाच्या पोळ्यासारखा घुमट. आईला तिथे उतरवायला सांगा.

डेल्फी सगळा चढ आहे. सासूबाई पहिल्या वळणापर्यंत, अथेन्सकरांचा खजिना म्हणतात त्या छोट्या दगडी इमारतीपाशी आल्या आणि मग मी त्यांना घेऊन म्युझियममध्ये गेले. ते शेजारीच आहे आणि खालीच आहे. तिथे १८९६ मध्ये सापडलेला ब्राँझचा सारथी उभा आहे. जवळ गेलं की त्याच्या पापण्यांचे केससुद्धा दिसतात. सासूबाई तिथून हलायला तयार नव्हत्या. ग्रुप घामाघूम होऊन खाली आला तेव्हा आमचं सगळं शांतपणे बघून झालं होतं.

मुलुंडकर
आणि अथेन्सच्या टेकडीवरचं ॲक्रोपोलिस? तिथे तर चढच चढ. आमच्या ग्रुपमधले दोघं अर्ध्यातून परतले.

गणितवाली
तिथे लिफ्ट आहे. २०२० मध्ये नवी बसवली, चालायला त्रास असलेल्यांसाठी. पण ती मुख्य प्रवेशद्वाराकडच्या बाजूला आहे. ग्रुपला दक्षिण उताराच्या दाराने आत नेलं तर आईला तो लिफ्टपर्यंतचा रस्ता चढूनच जावा लागेल. म्हणून कोणत्या दाराने जाणार ते लेखी घ्या. वारा जोरात असला तर लिफ्ट बंद ठेवतात, तेही मनात धरा. वरचा संगमरवर पिढ्यान्पिढ्या पायांनी घासून काचेसारखा झालाय. आपल्याकडे नुकती लादी पुसल्यावर जसं जपून पाऊल टाकतो ना, तसं कोरड्या उन्हातही चालावं लागतं. काठीच्या टोकाला नवीन रबर बसवून घ्या.

निमा_पार्ले
मेटिओराबद्दल मी सांगते. तिथे उंच खडकांवर मठ आहेत. मोठ्या मठाला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण सेंट स्टीफनच्या मठात छोटा पूल ओलांडला की आत. ग्रुपला कुठले मठ दाखवणार ते विचारा, आणि प्रत्येकाचा बंद राहण्याचा वार वेगळा असतो. बायकांना पँट चालत नाही. साडी उत्तम.

जुनाट_ट्रेकर
एवढी यातायात करण्यापेक्षा व्हीलचेअर घ्या.

गणितवाली
डेल्फीच्या चढावर व्हीलचेअर कोण ढकलणार? आणि आत समजावून सांगायला परवाना असलेला तिथलाच गाइड लागतो, तो ग्रुप सोडून एकटीसोबत थांबणार नाही. कोणी तरी घरचंच आईंबरोबर राहायला हवं.

अनुस्वार
ते मी राहीनच. बसमधला प्रवास? तिला गुडघा फार वेळ वाकवून ठेवता येत नाही. कंपनीला पहिली सीट मागू?

मुलुंडकर
मागू नका. सीट रोटेशन म्हणजे रोटेशन. आमच्या टूरला एकांनी पाठदुखीचं कारण सांगून रोज पहिली सीट धरली, शेवटच्या दिवसापर्यंत लोक त्यांच्याशी बोलत नव्हते.

गणितवाली
कारण खरं असेल तर मागायला काय हरकत आहे? पण पहिल्या सीटची गरजच नाही. डावा गुडघा ना? मग बसच्या उजव्या बाजूची, वाटेला लागून असलेली सीट घ्या, कितव्या का रांगेत असेना. डावा पाय वाटेत लांब करता येतो. आणि युरोपात ड्रायव्हरला साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं, तेव्हा उतरून पाय मोकळे करा.

कोकम_सरबत
चहा पावडर आणि मेथीचे ठेपले न्या. तिथे चहा म्हणजे गरम पाण्यात पुडी.

अनुस्वार
कंपनीत जाऊन आले. दारं, मठ आणि अट्रियस, तिन्ही लिहून दिलं. मायसिनीला बस आधी अट्रियसपाशी थांबवू म्हणाले. लिफ्टचं मात्र 'तिथली गाइड ठरवेल' असंच उत्तर मिळालं, म्हणून उद्या परत जाणार आहे. एक राहिलंच, एपिडॉरसच्या नाट्यगृहाचं काय?

गणितवाली
तिकिटापासून पाइनच्या सावलीतून थोडा चढ आहे, सावकाश जमेल. पुढे ५५ रांगा आहेत, पण आईंनी चढायची गरज नाही. त्यांना खाली मधल्या गोल दगडापाशी उभं करा आणि तुम्ही वर जा. सासूबाई तिथे हळू आवाजात श्लोक म्हणाल्या, तो मला शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द ऐकू आला.

अनुस्वार
हे आईला आत्ता वाचून दाखवलं. खाली उभं राहून काय म्हणायचं ते तिने ठरवलंय, मला सांगत नाहीये. वर गेल्यावरच ऐक म्हणतेय. पैसे उद्या सकाळी भरते.